गाडीतला अबोला

पूर्वी गाडी बिघडली की कळायचं. वास यायचा, धूर यायचा, नाहीतर खालून काहीतरी रस्त्यावर पडायचं आणि मागचा रिक्षावाला ते उचलून आणून द्यायचा. आता गाडी बिघडते म्हणजे मीटरवर एकदम पाच दिवे लागतात. एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग, चेक लाइट, आणि पाचवा असा, की तो आपल्या गाडीत आहे हेच आजवर आपल्याला माहीत नव्हतं. गाडी मात्र चालू असते. गाणं चालू असतं, एसी थंडगार असतो. माणूस ब्रेक, एअरबॅग आणि स्टिअरिंगच्या किमतींची मनातल्या मनात बेरीज करत कडेला थांबतो, गाडी बंद करतो, देवाचं नाव घेऊन पुन्हा चालू करतो, आणि पाचही दिवे गेलेले असतात. त्याला वाटतं, सुटलो.

पाच भाग एकाच क्षणी नादुरुस्त होत नाहीत. इतकी एकजूट फक्त पहिल्या पावसानंतर नव्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत दिसते. बहुतेक वेळा गाडीतले सगळे भाग ठणठणीत असतात. त्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं असतं.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत हा प्रश्न नव्हता, कारण तिच्यात मुळात कुणी कुणाशी बोलतच नसे. हॉर्नचं बटण हॉर्नपुरतं, वायपरचा स्विच वायपरपुरता. हॉर्न वाजेना झाला की वायरमन हॉर्नची वायर धरून बटणाकडे निघायचा आणि वाटेत कुठेतरी त्याला ती तुटलेली भेटायची. हेडलाइटला वायपरच्या अस्तित्वाची खबर नव्हती, आणि गाडीचं त्यावाचून काही अडलंही नाही. आता चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग एबीएसच्या मॉड्यूलला कळवतो, एबीएस तो सगळ्या गाडीत जाहीर करतं, आणि त्या एका बातमीवर बऱ्याच गाड्यांत मीटरचा काटा हलतो, स्टिअरिंग जड होतं, दरवाजे आपोआप लॉक होतात आणि वेगाबरोबर गाण्याचा आवाज वाढतो. त्यामुळे एबीएस गप्प झालं की हायवेवर आशाबाई ऐकू येईनाशा होतात आणि गिऱ्हाईक म्युझिक सिस्टिमवाल्याशी भांडायला जातं.

मॉड्यूल म्हणजे डबीतला छोटा संगणक. इंजिनाचा एक, ब्रेकचा एक, एअरबॅगचा एक, स्टिअरिंगचा एक, मीटर हा स्वतःच एक, आणि काचा-दिवे-दरवाजे सांभाळणारा बॉडी कंट्रोलचा एक. साध्या गाडीतही एवढी मंडळी असतातच. त्यांनी एकमेकांशी बोलायचं कसं, हा प्रश्न जर्मनीत बॉश कंपनीतल्या इंजिनिअरांनी १९८३ मध्ये हातात घेतला. तोवर प्रत्येक निरोपाला वेगळी वायर ओढायची पद्धत होती. गाड्या श्रीमंत होत गेल्या तशा वायरी वाढल्या, वायरींबरोबर वजन वाढलं, आणि दरवाजाच्या बिजागरीतून आत-बाहेर करणारा जुडगा पाहून फिटर लोक दरवाजाच नको म्हणायला लागले असतील. फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटला वाहन-अभियंत्यांच्या अधिवेशनात बॉशने उत्तर जाहीर केलं : कंट्रोलर एरिया नेटवर्क, म्हणजे कॅन. पुढच्याच वर्षी इंटेल आणि फिलिप्सने त्याच्या चिपा काढल्या, आणि १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लासपासून ही पद्धत गाड्यांत रुळत गेली. नाशिककरांनी यात थोडा अभिमान मानायला हरकत नाही. ज्या मायकोच्या नावाचं सर्कल त्यांच्याकडे आहे ती मायको म्हणजे भारतातली बॉशच, आणि अभिमानाला याहून लांबचं कारणही नाशकात पुरतं. पुण्यात तेवढंही लागत नाही.

तर कॅन म्हणजे एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरी. एक हाय, एक लो. कुणी बोलत नसताना दोन्हींवर अडीच व्होल्ट. बोलायचं झालं की हाय साडेतीनपर्यंत चढते, लो दीडपर्यंत उतरते, आणि ऐकणारे फक्त दोघींमधला फरक मोजतात. बाहेरून कसलाही विजेचा गोंगाट आला, इग्निशनचा म्हणा, पंख्याच्या मोटारीचा म्हणा, तर पिळामुळे तो दोघींवर जवळजवळ सारखाच पडतो आणि वजाबाकीत निघून जातो. पिळाचं काम तेवढंच, आणि व्यवस्थितपणाची हौस असलेला मेकॅनिक तुटलेली जोडी सांधताना आधी हात घालतो तो पिळालाच. वीतभर वायर छान सरळ करून, शेजारी-शेजारी ठेवून, वर टेप मारतो. दिसायला सुरेख.

या दोन वायरींवर सगळी मॉड्यूलं लटकलेली असतात आणि किल्ली फिरवल्यापासून त्यांची सभा अखंड चालू असते. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभांना वर्षानुवर्षं बसलेला माणूस म्हणून सांगतो, या सभेचे नियम वाचून मी थक्क झालो.

या सभेला अध्यक्ष नाही. कुणी कुणाचं नाव घेऊन बोलत नाही. 'इंजिनाचे फेरे अठराशे' एवढंच इंजिन जाहीर करतं. ज्याला गरज असेल त्याने घ्यावं, नसेल त्याने सोडून द्यावं. आमच्याकडे नाव न घेता बोललं की चौघं उभे राहून विचारतात, 'हे मला उद्देशून होतं का?' दोघांनी एकाच वेळी तोंड उघडलं तर कॅनमध्ये काय होतं हे तर डोळ्यांत पाणी आणणारं आहे. प्रत्येक निरोपाला क्रमांक असतो, आणि लहान क्रमांकाला मोठा मान. मोठ्या क्रमांकाचा निरोप बोलता बोलता ओळखतो की आपल्यापेक्षा महत्त्वाचं कुणीतरी बोलतंय, आणि तिथल्या तिथे थांबतो. लहान क्रमांकवाल्याला वाक्य पहिल्यापासून म्हणावंसुद्धा लागत नाही. त्याला कळतही नाही की आणखी कुणी बोलायला निघालं होतं. थांबलेला रुसत नाही. मैदान मोकळं झालं की पुन्हा बोलायला लागतो. सेकंदाला पाच लाख बिट या वेगाने एक वाक्य सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आत संपतं. त्यात प्रस्तावना नसते, 'मी जास्त वेळ घेणार नाही' नसतं.

प्रत्येक वाक्याच्या शेवटी, ज्यांना ते नीट ऐकू आलं ते सगळे 'हं' म्हणतात. त्यांचा त्या विषयाशी संबंध असो वा नसो. बोलणाऱ्याला एक 'हं' मिळाला तरी पुरतो. मिळालाच नाही, म्हणजे इतर सगळ्यांच्या वायरी सुटल्या आणि हा एकटाच उरला, तर तो तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. असे एक सदस्य आमच्याकडेही आहेत. फरक इतकाच, की अख्ख्या हॉलने 'हं' म्हटलं तरी ते थांबत नाहीत.

आता चुकांचं. वाक्यात गफलत आहे असं कुणाही एकाला वाटलं, की तो ओळीने सहा बिट ओरडून ते वाक्य सगळ्यांसाठीच मोडतो. मला नीट ऐकू आलं नाही ना, मग कुणीच ऐकलेलं नाही, पुन्हा म्हण. हे आमच्या ओळखीचं आहे. पण पुढचं नाही. प्रत्येक मॉड्यूल स्वतःच्या चुकांचा हिशोब स्वतः ठेवतं. बोलताना चूक झाली की आठ गुण वाढतात, एक निरोप नीट गेला की एक कमी होतो. बेरीज १२७ च्या पुढे गेली की दुसऱ्याची वाक्यं मोडायचा हक्क गेला. हरकत घ्यायचीच तर मनातल्या मनात. २५५ च्याही पुढे गेली की मॉड्यूल आपण होऊन बोलणं बंद करतं आणि सभेतून उठून जातं. याला बस-ऑफ म्हणतात. हा नियम संस्थेच्या उपविधींत घालावा असं मी एका सभेत सुचवलं होतं. अनुमोदक मिळाला नाही.

एवढी सोन्यासारखी सभा. पण तीत एक जण गप्प बसला की बाकीच्यांचा सगळा गुणवानपणा उघडा पडतो. ते लगेच तक्रार लिहून ठेवतात. या तक्रारींचे कोड 'यू' अक्षराने सुरू होतात. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरचं दुखणं, 'सी' चाक-ब्रेकचं, 'बी' बॉडीचं आणि 'यू' आपापसातलं. यू०१०० : इंजिनाच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला. यू०१२१ : एबीएसशी तुटला. यू०१४० : बॉडी कंट्रोलशी तुटला. स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळच्या सोळा पिनांच्या खोबणीत स्कॅनर लावला की यादी बाहेर पडते. मीटर म्हणतं, एबीएस बोलत नाही. स्टिअरिंग म्हणतं, एबीएस बोलत नाही. इंजिन म्हणतं, एबीएस बोलत नाही. आता एबीएसलाच विचारावं, तर ते बोलत नाही.

म्हणजे यादीत ज्यांनी तक्रार लिहिली ते सगळे धडधाकट. ज्याच्याविरुद्ध लिहिली त्याची बाजू यादीत नाही. आणि तो तरी दोषी असेलच असं कुठे आहे? त्याचा फ्यूज उडाला असेल, अर्थिंग सुटलं असेल, सभेच्या हॉलपर्यंत येणारी वायर तुटली असेल. एक गप्प राहिला याचा अर्थ एवढाच, की तो गप्प आहे. हे एक वाक्य समजायला काही गॅरेजांना फार वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाचे बरेच पैसे जातात.

काही जण कोड 'उडवून' देतात. स्कॅनरचं बटण दाबलं, यादी पुसली, दिवे गेले, पाचशे रुपये. कुठला कोड आधी आला, तेव्हा गाडी किती वेगात होती, बॅटरी किती व्होल्टवर होती, हे सगळं त्या यादीशेजारीच नोंदलेलं असू शकतं. पंचनामा व्हायच्या आत जागा धुऊन काढायची ही पद्धत. दुसरे जण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे ते मॉड्यूल बदलतात. नवं मॉड्यूल मागवायचं, ते गाडीशी कोडिंग करून जुळवायचं, आणि मग तेही बोलत नाही, कारण जुन्याला मिळत नव्हती ती वीज नव्यालाही मिळत नाही. 'पार्टच डुप्लिकेट निघाला' हा निष्कर्ष यातूनच निघतो.

आणि तिसरे असतात मल्टिमीटरवाले. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांमागे असे एक मिस्त्री आहेत. ते आधी बॅटरी बघतात, कारण बॅटरी म्हातारी झाली की सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं खाली जातं की दोन-तीन मॉड्यूलं क्षणभर बेशुद्ध पडतात आणि शुद्धीवर आली की एकमेकांविरुद्ध तक्रारी लिहितात. ती ठीक निघाली तर बॅटरीची वायर काढतात, गाडी झोपू देतात, चहा मागवतात. चहा हा या कामाचा तांत्रिक भाग आहे, कारण मॉड्यूलं पूर्ण शांत झाल्याशिवाय पुढचं मोजमाप खोटं येतं. मग त्या सोळा पिनांतल्या सहा आणि चौदा नंबरवर मीटर लावतात आणि साठ ओहम येतात का बघतात.

साठच का, तर वायरींच्या दोन टोकांना एकशेवीस ओहमचा एकेक रोध बसवलेला असतो, म्हणजे निरोप टोकाला आपटून उलटा फिरत नाही. दोन समांतर एकशेवीस म्हणजे साठ. साठी बुद्धी नाठी ही म्हण माणसांपुरती. या वायरींची बुद्धी साठीलाच शाबूत असते. एकशेवीस आले तर एक टोक सुटलंय. शून्याच्या जवळ आले तर हाय आणि लो एकमेकींना चिकटल्या आहेत. चाळीस आले तर कुणीतरी हौसेने तिसरा रोध घातला आहे, आणि मिस्त्री विचारतात, 'याच्याआधी कुणाकडे दाखवली होती?' गेटवे नावाचं दारवान मॉड्यूल असलेल्या गाड्यांत मात्र या खोबणीतून फक्त दिवाणखाना दिसतो. आतल्या खोल्यांत जाऊन वेगळं मोजावं लागतं.

वायरी बिघडण्याची कारणं जर्मनीत बसून कुणाला सुचली नसती. उंदीर हे गणपतीचं वाहन, आणि आपल्या वाहनाशी त्याचं नातं व्यावसायिक स्पर्धेचं आहे. पावसाळ्यात तो बॉनेटखाली उबेला येतो. जाडजूड बॅटरीची वायर सोडून नेमकी कॅनची बारीक जोडी त्याला आवडते, तीही दोन्ही नव्हे, एकच. यावर लोक तंबाखूची पानं ठेवतात, डांबराच्या गोळ्या टांगतात, फिनेल मारतात. तंबाखूच्या पुडीवर घर करून राहिलेले उंदीर मी पाहिले आहेत. मग पाणी. एसीची नळी तुंबली की पाणी बाहेर पडायचं सोडून आत, डाव्या बाजूच्या गालिच्याखाली साठतं, आणि काही गाड्यांत तिथेच एखादा कपलर असतो. महिन्याभरात त्याच्या पिना हिरव्या होतात. कोकणातल्या खाऱ्या हवेत पाण्याचीही गरज लागत नाही. एखाद्या मॉड्यूलमध्ये पाणी शिरून ते आतून शॉर्ट झालं तर स्वतः गप्प बसून भागत नाही. दोन्ही वायरी ते असं काही धरून ठेवतं की कुणालाच बोलता येत नाही. मग एकेक कपलर काढत जायचं. ज्याचा काढल्यावर बाकीचे बोलायला लागतात, तो.

आणि ॲक्सेसरी. मोठा हॉर्न, फॉग लॅम्प, डॅशकॅमेरा, रिव्हर्स घेताना वाजणारी आरती. ज्या दुकानात हे बसवतात तिथल्या मुलाला वीज हवी असते, आणि ती जवळच्या वायरीतून घ्यायची हे त्याला माहीत असतं. कुठली वायर जवळ आहे हा तपशिलाचा भाग.

नाना पेठेतल्या त्या मिस्त्रींकडे मी बसलो असताना एक निवृत्त बँक अधिकारी आले. हातात गाडीची किल्ली आणि फाइल. फाइलमध्ये तारीखवार नोंदी : दिवे कधी लागले, तेव्हा ऊन होतं की पाऊस, टायरात हवा किती होती, शेजारी कोण बसलं होतं. तीन ठिकाणी कोड उडवून झाले होते. एका ठिकाणी एबीएसचं मॉड्यूल बदलायला सांगितलं होतं, आणि त्या कोटेशनमधली बेरजेची चूक त्यांनी लाल शाईने दुरुस्त केली होती.

'मिस्त्री, सोसायटीत चालू केली की काही नाही. गेटबाहेर पडलो, वीसेक पावलं गेलो, की सगळे दिवे.'

मिस्त्री गाडीभोवती एक फेरी मारून आले. 'काका, पुढून ठोकली होती का?'

'किंचित. डिसेंबरात. पण रंगाचं काम असं झालंय, कुठून कुठपर्यंत ते ओळखून दाखवा.'

मिस्त्रींनी ओळखून दाखवलं नाही. बॉनेट उघडलं, साठ ओहम बघितले, ते आले. एबीएसच्या कपलरवर व्होल्टेज बघितलं, बारा आले. काका फाइलमध्ये लिहायला लागले. मग मिस्त्रींनी ड्रॉवरमधून इंडिकेटरचा एक जुना एकवीस वॅटचा बल्ब काढला, दोन वायरी डाक देऊन लावलेला, आणि तो त्याच कपलरच्या वीज आणि अर्थच्या पिनांवर लावला. तो कॅनच्या जोडीला चुकूनही लागू नये म्हणून दुसऱ्या हाताने ती बाजूला धरून. बल्ब देवघरातल्या समईइतका लागला.

मीटरला बारा व्होल्ट दिसतात, कारण मीटर काहीच खात नाही. बल्ब जेवायला बसला की कळतं घरात किती आहे. गाडी निघाल्यावर थोडा वेग आला की एबीएसचं मॉड्यूल आपला पंप क्षणभर फिरवून स्वतःची परीक्षा घेतं. त्या क्षणी त्याला विजेची भूक लागते, अर्थिंग तेवढं सोसत नाही, मॉड्यूल डोळे मिटतं आणि मीटर, स्टिअरिंग, इंजिन सगळे एका सुरात लिहून मोकळे होतात. काकांच्या नोंदीतली वीस पावलं अगदी बरोबर होती. शेजारी कोण बसलं होतं याचा संबंध नव्हता.

डाव्या हेडलाइटखाली, चासीवर, अर्थिंगचा बोल्ट होता. पेंटरने मन लावून काम केलं होतं. प्रायमर, दोन हात रंग, वर लॅकर, आणि त्यावर अर्थची रिंग ठेवून बोल्ट आवळलेला. पत्रा आणि रिंग यांच्यामध्ये रंगाचा अखंड, सुंदर, वीज न जाऊ देणारा थर. जी काही वीज जायची ती बोल्टच्या आट्यांतून चोरून जायची. मिस्त्रींनी बोल्ट काढला आणि पॉलिश पेपर घेतला.

'अहो, रंग काढताय?'

'बोल्टखालचा, काका. दिसणार नाही.'

'मला माहीत असणार ना पण.'

त्यांना आतल्या खुर्चीत बसवून चहा दिला गेला. पत्रा चकचकीत झाला, रिंग घासली, बोल्ट आवळला, वरून थोडं ग्रीस. बल्ब लख्ख लागला. काका गाडी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. मग आणखी एकदा जाऊन आले, या वेळी ज्यांच्या शेजारी बसण्यावर त्यांचा संशय होता त्या काकूंना बसवून. दिवे नाहीत. काकूंनी खिडकीतून एकदा फाइलकडे आणि एकदा काकांकडे बघितलं, पण बोलल्या काहीच नाहीत.

काका खूश होते. पैसे घासाघीस न करता दिले, फाइल मिटली. मग डिकी उघडून एक खोकं बाहेर काढलं.

'आता आलोच आहे तर हे फॉग लॅम्पही लावून टाका. पुतण्याने दिलेत. वायर कुठूनही काढा, ती मघाशी तुम्ही हाताने बाजूला धरली होती ना, पिळाची, ती अगदी जवळ पडेल.'

मिस्त्रींनी खोक्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि हेल्परला म्हणाले, 'शटर घे रे खाली.'